पुराच्या दिवसांत नॉर्मल झालेला सीबीसी: एएमएलमधलं आपोआप आलेलं रिमिशन आणि नंतरचा रिलॅप्स

करवीर तालुक्यातले ४४ वर्षांचे गृहस्थ. हंगामात गुऱ्हाळावर गुळव्या, पावसाळ्यात घरची भातशेती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते आधी गेले ते दातांच्या डॉक्टरांकडे. हिरड्या फुगून दातांवर चढल्या होत्या आणि ब्रश लावला की रक्त यायचं. दाढ काढायचं ठरलं, पण डॉक्टरांनी हत्यार हातात घेण्याआधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, मागवला. या प्रकरणातला हा पहिला योग्य निर्णय. हिमोग्लोबिन ६.८, पांढऱ्या पेशी ३८,४००, प्लेटलेट २२,०००, आणि स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्तात, १०० पांढऱ्या पेशींमागे ६२ ब्लास्ट (वाढ अर्धवट राहिलेल्या ल्युकेमियाच्या पेशी). त्या दिवशी दाढ काढली असती तर रक्त थांबवताना सगळ्यांची दमछाक झाली असती.

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे, ती कोणा एका रुग्णाची केसशीट नव्हे. आकडे आणि घटनाक्रम अशा रुग्णांत दिसतो त्याच धाटणीचा ठेवला आहे. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल हा वेगाने वाढणारा रक्ताचा कॅन्सर, केमोशिवाय रिमिशनमध्ये जाणं, म्हणजे तपासणीत दिसेनासा होणं, फार दुर्मीळ असतं. पण तसं झालं की वॉर्डात आणि घरात जो गोंधळ उडतो तो मात्र दर वेळी जवळपास सारखाच असतो. म्हणून हे सविस्तर.

निदान, आणि वाया गेलेली हिरवी नळी

कमरेच्या मागच्या हाडातून बोन मॅरो, म्हणजे रक्त तयार करणारा गर, काढला. पहिल्या ओढीचा मॅरो स्लाइडसाठी आणि जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीसाठी वापरला. पुढच्या प्रत्येक ओढीत रक्त जास्त मिसळत जातं आणि ब्लास्टचा आकडा खोटा कमी दिसू लागतो, म्हणून हा क्रम मोडू नये. मॅरोत ७१ टक्के ब्लास्ट निघाले, बहुतेक मोनोब्लास्ट, म्हणजे मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या ओळीतले ब्लास्ट. रंगचाचण्यांत एमपीओ जेमतेम, नॉन-स्पेसिफिक एस्टरेज ठळक. पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीत (पुढे नुसतं 'फ्लो') सीडी३३, सीडी६४ आणि एचएलए-डीआर पॉझिटिव्ह, सीडी३४ निगेटिव्ह. म्हणजे मोनोसायटिक वळणाचा एएमएल. हिरड्या सुजण्याचं कारणही तेच: या जातीच्या पेशींना हिरड्यांत आणि त्वचेत शिरायची खोड असते. ईडीटीएच्याच नळीतून एनपीएम१ या जनुकातलं म्युटेशन, म्हणजे बदल, सापडलं. एफएलटी३-आयटीडी (आजाराला जोर देणारा जनुकातला बदल) निगेटिव्ह, पीएमएल-रारा (अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाची जनुकीय खूण) निगेटिव्ह.

कॅरिओटाइपसाठी मात्र जिवंत पेशी लागतात, कारण त्या कल्चरमध्ये विभागल्या तरच गुणसूत्रं दिसतात. त्यासाठी हिरव्या बुचाची सोडियम हेपॅरिनची नळी लागते, आणि ती त्या संध्याकाळी वॉर्डात संपलेली होती. रक्तातच इतके ब्लास्ट फिरत असल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी शिरेतलं रक्त हिरव्या नळीत घेतलं, आणि ते चालतंही. पण तोवर पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं. आदल्या संध्याकाळची फ्लोची नळी पुण्याला पोहोचली, हिरवी नळी अडकली. त्यात कोणीतरी काळजीपोटी तिच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. ही नळी खोलीच्या तापमानाला ठेवायची असते, आणि शक्यतो २४ तासांत, फार तर ४८ तासांत लॅबमध्ये पोहोचायला हवी. ती चौथ्या दिवशी गार होऊन पोहोचली आणि उत्तर आलं: कल्चर वाढलं नाही.

पुढे हे फार महागात पडलं असतं. सुरुवातीच्या सहा स्लाइड रंग न देता कोरड्या ठेवल्या होत्या, म्हणून निभावलं. त्यांच्यावर नंतर फिश, म्हणजे जनुकाला चमकणारी खूण लावून बघायची चाचणी, करून केएमटी२ए जनुकाची मोडतोड नाही एवढं तरी नक्की करता आलं. सहा कोऱ्या स्लाइड आणि एक डबी, एवढाच खर्च. ही सवय प्रत्येक नव्या ल्युकेमियाला लावून घ्यावी.

न्यूमोनियाचे दिवस

दुसऱ्या दिवशी ताप ३९.६ अंश, ऑक्सिजन ८८ टक्के, उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया. ब्लड कल्चरमध्ये क्लेब्सिएला आला. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दर सहा तासांनी सुरू होतं. चौथ्या दिवशी जंतू त्याला दाद देत नाही असं कळल्यावर मेरोपेनेम १ ग्रॅम दर आठ तासांनी दिलं. या अवस्थेत केमो पुढे ढकलली. नेहमीच्या 'सात अधिक तीन' केमोनंतर (सात दिवस सायटाराबिन, तीन दिवस डॉनोरुबिसिन) न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तीनेक आठवडे जवळपास शून्यावर असतात, आणि उघड्या न्यूमोनियावर ते ओढवून घेणं म्हणजे माणूस गमावणं. पांढऱ्या पेशी उतरवणारं हायड्रॉक्सीयुरिया केसपेपरवर लिहिलं होतं, पण तिसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी आपणहून २१,००० वर आल्या म्हणून दिलं नाही. स्टेरॉइड दिलं नाही, पांढऱ्या पेशी वाढवणारं जी-सीएसएफ दिलं नाही. ही 'दिलं नाही'ची यादी पुढे सगळ्यात मोलाची ठरली.

चार पिशव्या लाल पेशी आणि तीन सिंगल डोनर प्लेटलेट लागल्या. पूर असल्याने दाते येईनात. थोरला भाऊ बाही सरसावून उभा होता, त्याला थांबवलं. पुढेमागे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं झालं तर सख्खा भाऊच दाता ठरू शकतो, आणि त्याचं रक्त आधीच दिलेलं असलं तर रुग्णाचं शरीर त्याच्या पेशींविरुद्ध तयार होऊन बसतं. भावाला हे पटायला वेळ लागला. शेवटी पेठेतल्या तालमीची पोरं आली, आणि प्लेटलेटसाठी सुईवर तास-दीड तास निवांत पडून राहिली.

सहाव्या दिवशी पांढऱ्या पेशी ९,२००. अकराव्या दिवशी १,९००, ब्लास्ट ८ टक्के. सेप्सिसने मॅरो बसला, आता उतरती कळा, असाच सगळ्यांचा समज झाला, आणि तो तर्काला धरूनही होता. सतराव्या दिवशी ताप गेला. अठराव्या दिवशीचा सीबीसी मात्र थबकायला लावणारा होता: प्लेटलेट ४१,०००. शेवटची प्लेटलेट पिशवी बाराव्या दिवशी चढवलेली. चढवलेल्या प्लेटलेट अंगात तीन ते पाच दिवस टिकतात, तापात आणि सेप्सिसमध्ये त्याहून कमी. म्हणजे या ४१ हजार त्यांच्या स्वतःच्या होत्या. एकविसाव्या दिवशी ८८,०००, सव्विसाव्या दिवशी १,३२,०००, न्यूट्रोफिल २,४००, स्मिअरवर एकही ब्लास्ट नाही. हिरड्या उतरल्या आणि दात पुन्हा दिसू लागले.

एकोणतिसाव्या दिवशी मॅरो पुन्हा केला. ब्लास्ट ३ टक्के, लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट अशा तिन्ही ओळींच्या पेशी नीट वाढताना दिसत होत्या. ब्लास्ट ५ टक्क्यांच्या आत, न्यूट्रोफिल हजाराच्या वर, प्लेटलेट लाखाच्या वर, मॅरोबाहेर आजार नाही: रिमिशनच्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या होत्या.

आपोआप म्हणण्याआधी

'आपोआप' हा शब्द शेवटी लिहायचा. त्याआधी चार शंका फेडाव्या लागतात.

पहिली, मुळात निदानच चुकलं होतं का? बी१२ ची तीव्र कमतरता किंवा जंतुसंसर्गाने बिथरलेला मॅरो कधीकधी ल्युकेमियाचं सोंग घेतो. दुसरी, नमुने बदलले का? या दोन्हींचं उत्तर एकाच चाचणीत मिळालं. एकोणतिसाव्या दिवसाच्या मॅरोतही तेच एनपीएम१ म्युटेशन, त्याच जातीचं, खूप कमी प्रमाणात सापडलं. बी१२ च्या कमतरतेत हे म्युटेशन नसतं, आणि दुसऱ्याच्या नळीत नेमकं तेच निघणं जवळपास अशक्य.

तिसरी शंका स्टेरॉइडची, आणि आपल्याकडे ती कायम घ्यावी. गावात ताप-अंगदुखीसाठी दिलेल्या सुईत डेक्सामेथासोन असणं नवं नाही. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, म्हणजे एएलएलमध्ये, थोड्याशा स्टेरॉइडनेही ब्लास्ट वितळतात, आजार झाकला जातो आणि मग निदानच हुकतं. एएमएलमध्ये स्टेरॉइडने असं रिमिशन येत नाही. म्हणून सुरुवातीच्या फ्लोवर पेशींची जात पक्की झालेली असणं इथे कामी आलं.

चौथी शंका पुडीची. घरच्यांनी कुणाकडून तरी आणलेलं एक करडं चूर्ण मधातून सुरू केलं होतं, आणि रिमिशनचं श्रेय त्यालाच गेलं होतं. अशा चूर्णाकडे हसून दुर्लक्ष करू नये. काही रसौषधींत सोमल, म्हणजे आर्सेनिक असतं, आणि अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा एएमएलचा एक प्रकार आर्सेनिकने खरोखर बरा होतो. आर्सेनिक ट्रायऑक्साइड हे त्या प्रकारातलं आज जगभर मान्य औषध आहे. म्हणून पीएमएल-रारा निगेटिव्ह असणं महत्त्वाचं होतं. पुडीही लॅबला पाठवली. आर्सेनिक नाही, पारा नाही, स्टेरॉइड नाही.

पण खरा निकाल लागला तो घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर. "औषध कधी सुरू केलं?" असं विचारलं की घरचे म्हणायचे, "लई आधीपासनं." मग रुग्णाच्या पत्नीला ते कॅलेंडरच आणायला सांगितलं. तारखेच्या चौकटीत दुधाचा रतीब, गॅस कधी लावला, भात लावणीची माणसं किती, आणि त्यातच बारीक अक्षरात 'सुई २' आणि पुढे 'पुडी सुरू'. सुया भरतीच्या चार दिवस आधीच्या. पुडी एकोणिसाव्या दिवशीची. प्लेटलेट आपणहून चढल्या त्या अठराव्या दिवसाच्या रिपोर्टमध्ये. चढ आधी, पुडी नंतर. वाद न घालता दोन तारखा शेजारी ठेवल्या, आणि रुग्णाच्या पत्नी स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे पुडीच्या आधीच उतार पडला हुता की."

मॅरोत उरलेलं

फ्लोवर उरलेला आजार, ज्याला एमआरडी म्हणतात, ०.६ टक्के होता. एएमएलमध्ये ०.१ टक्क्याच्या वर पॉझिटिव्ह धरतात. सूक्ष्मदर्शकाला रिमिशन, रेणूंच्या पातळीवर आजार हजर. हे असंच अपेक्षित असतं, आणि त्याचं कारण रिमिशन कसं येतं यातच आहे.

तीव्र जंतुसंसर्गात शरीर टीएनएफ, इंटरफेरॉन गॅमा, इंटरल्युकिन-२ असे संदेश मोठ्या प्रमाणात सोडतं. त्यांनी एनके पेशी आणि टी पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशी चेकाळतात आणि जंतूंबरोबर ब्लास्टही त्यांच्या तावडीत सापडतात, असा आजचा सर्वमान्य कयास आहे. नोंदलेल्या बऱ्याच प्रकरणांत आधी न्यूमोनिया किंवा सेप्सिस दिसतो तो यामुळे. रक्त चढवण्याचाही वाटा असावा, कारण पिशवीतून दात्याच्या पांढऱ्या पेशी आणि अँटिबॉडी येतात. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी १८९१ साली कर्करोगाच्या रुग्णाला मुद्दाम स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग दिला होता, तो हाच धागा पकडून. पण जंतू गेले की संदेशही ओसरतात, आणि मॅरोच्या कोनाड्यात निपचित पडलेल्या ल्युकेमियाच्या मूळ पेशींना तोवर फारसा धक्का लागलेला नसतो. म्हणूनच नोंदलेली बहुतेक रिमिशन काही महिन्यांचीच आहेत.

घरच्यांची बैठक

मत स्पष्ट होतं: छातीचा सीटी साफ झाला की दोन-तीन आठवड्यांत केमो सुरू करायची. आजाराचा बोजा एवढा कमी, माणूस हिंडताफिरता, प्लेटलेट भरपूर. यापेक्षा सुरक्षित वेळ पुन्हा मिळणार नाही. मोठ्या चाचणीचा आधार या सल्ल्यामागे नाही, इतक्या दुर्मीळ गोष्टीवर ती होणंही कठीण. पण नोंदलेल्या प्रकरणांचा कल एकाच बाजूला आहे.

थोरल्या भावाने विचारलं ते रास्तच होतं. "रिपोर्ट नॉर्मल आलाय म्हणतासा, मग केमो कशापायी?" शिवाय शेजारच्या मावशींचा दाखला. त्यांनाही 'ब्लड कॅन्सर' होता, मानेच्या गाठी औषधाविना विरल्या, आणि त्या आज सहा वर्षं धडधाकट आहेत. चौकशी केली तर मावशींचा फॉलिक्युलर लिंफोमा निघाला. तो आजारच वेगळा. संथ लिंफोमात गाठी आपोआप कमी-जास्त होतात. १९८४ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी उपचाराविना नजरेखाली ठेवलेल्या ८३ रुग्णांचा अनुभव मांडला, त्यातल्या १९ जणांच्या गाठी आपोआप उतरल्या होत्या. डाउन सिंड्रोमच्या नवजात बाळांत ल्युकेमियासारखं चित्र दिसून काही आठवड्यांत निवळतं, तेही निराळं प्रकरण. रक्ताचा कॅन्सर या एका नावाखाली एवढी वेगवेगळी बिऱ्हाडं राहतात, की एकाचा दाखला दुसऱ्याला लागू पडत नाही.

कागदाची अडचणही इथेच येते. उपचाराच्या खर्चाच्या योजनेच्या मंजुरीसाठी ताजा मॅरो रिपोर्ट पुढे केला आणि त्यात 'रिमिशन' असं लिहिलेलं असलं तर केमो कशाला, हाच प्रश्न तिथेही उठणार. पहिल्या दिवसाचा मॅरो, फ्लो, एनपीएम१ आणि आताचा एमआरडी असे चारही कागद एकत्र जोडून, 'उपचार न झालेला एएमएल, उरलेला आजार पॉझिटिव्ह' असं स्पष्ट लिहून द्यावं.

घरच्यांनी दिवाळीनंतर बघू असं ठरवलं. तो त्यांचा हक्क होता. दर आठवड्याला सीबीसी आणि दोन महिन्यांनी मॅरो असा कार्यक्रम लिहून दिला. पहिला महिना तो पाळला. मग गुऱ्हाळ पेटलं, काहील चढली, आणि आठवड्याचा सीबीसी महिन्यावर गेला. मॅरो राहूनच गेला.

घसरण

प्लेटलेटचे आकडे असे: ऑक्टोबरात २,४६,०००, नोव्हेंबरात १,९८,०००, डिसेंबरच्या सुरुवातीला १,६१,०००. तिन्ही वेळा लॅबच्या कागदावर ठळक अक्षर नाही, बाण नाही, कारण दीड लाखाच्या वर सगळं नॉर्मल. कागद बघून घरचे निर्धास्त. पण तीन कागद एकाखाली एक ठेवले असते तर दोन महिन्यांत एक तृतीयांश घसरण डोळ्यांत भरली असती. अशा रुग्णाला लॅबची 'नॉर्मल रेंज' लागू नाही, त्याचा आदला आकडा हीच त्याची रेंज. एका वहीत चार रकाने आखून (तारीख, हिमोग्लोबिन, न्यूट्रोफिल, प्लेटलेट) दर वेळी आकडा उतरवायचा आणि सलग दोन वेळा घसरला तर थांबायचं नाही, इतकं साधं काम आहे ते.

दुसरा इशारा मशीनच्या मोजणीत दडला होता. डिसेंबरच्या सुरुवातीला मोनोसाइट १४ टक्के दाखवले होते. मशीनला मोनोब्लास्ट आणि प्रोमोनोसाइट (त्यांच्या पुढच्या पायरीच्या, अजून अर्धवट पेशी) ओळखता येत नाहीत, ते त्यांना मोनोसाइटच्या खात्यात टाकतं. प्रोमोनोसाइट ब्लास्टच्याच बरोबरीने मोजायचे असतात. ज्याचा मूळ आजार मोनोसायटिक, त्याचा स्मिअर दर वेळी माणसाने बघायलाच हवा.

डिसेंबरअखेर हिरड्या पुन्हा सुजल्या. प्लेटलेट १,०४,०००. मॅरोत ब्लास्ट ३४ टक्के, एनपीएम१ तेच, आणि सोबत नवं एफएलटी३-आयटीडी. साडेचार महिन्यांत आजार परतला होता, म्हणजे रिलॅप्स झाला होता, आणि एक हत्यार जास्तीचं घेऊन. या वेळी हिरवी नळी बर्फाविना, सोमवारी सकाळी काढून त्याच दिवशी पुण्याला गेली. कॅरिओटाइप नॉर्मल आला.

पहिली केमो

नावाने रिलॅप्स असला तरी या पेशींनी केमो कधी पाहिलेली नव्हती. त्यामुळे हा रिफ्रॅक्टरी, म्हणजे केमोला न जुमानणारा आजार, किंवा केमोनंतरचा रिलॅप्स धरून जड पर्यायी केमो देणं चूक. नव्या रुग्णाला देतात तीच पहिली फळी द्यायची. इको करून हृदयाचं पंपिंग तपासलं. शरीराचं क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर धरून डॉनोरुबिसिन ९६ मिलिग्रॅम रोज, तीन दिवस. सायटाराबिन ३२० मिलिग्रॅम २४ तास सलग पंपावर, सात दिवस. आठव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत मिडोस्टॉरिन ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. या गोळीबरोबर पोसाकोनाझोलसारखं बुरशीविरोधी औषध चालू असलं तर रक्तातलं मिडोस्टॉरिन वाढतं, हे फार्मसीला आधी सांगून ठेवलं.

रक्ताच्या पिशव्या या वेळी पांढऱ्या पेशी गाळलेल्या आणि किरणोत्सर्ग दिलेल्याच मागवल्या. बाराव्या दिवशी ताप ३८.४ आला, न्यूट्रोफिल शंभरच्या खाली. पहिलं अँटिबायोटिक तासाभराच्या आत गेलं. जुना क्लेब्सिएला कशाला दाद देत नाही ते फाइलवर लाल शाईने लिहिलेलं असल्याने थेट मेरोपेनेम दिलं. अठ्ठाविसाव्या दिवशी मॅरो रिमिशनमध्ये होता.

नंतरची केमो जड मात्रेच्या सायटाराबिनची: ३ ग्रॅम प्रति चौरस मीटर, दर १२ तासांनी, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी. डोळ्यांत स्टेरॉइडचे थेंब वेळच्या वेळी, नाहीतर डोळे लाल होऊन खुपू लागतात. आणि प्रत्येक डोसआधी सही. या मात्रेत लहान मेंदूला इजा होऊ शकते, तोल जातो, बोलणं जड होतं, पण त्याहीआधी अक्षर हलतं. म्हणून सिस्टर एक कागद पुढे करतात, रुग्ण सही करतो, आधीच्या सहीशी ती ताडून बघायची आणि वळण बिघडलं असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना बोलवायचं. बोटांवर काहिलीच्या जुन्या भाजल्याच्या खुणा असलेल्या या माणसाची सही आधीपासूनच वाकडी होती, म्हणून पहिल्या डोसआधी तीन सह्या नमुन्यादाखल घेऊन ठेवल्या. सहाही डोसच्या सह्या तशाच वाकड्या आल्या.

या केमोनंतरच्या मॅरोत एनपीएम१ सापडलं नाही. एफएलटी३-आयटीडीच्या जोरावर आजार पुन्हा उसळायची धास्ती असल्याने ट्रान्सप्लांटचा सल्ला कायम ठेवला. थोरल्या भावाचं एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळलं. जुलैत ज्याचं रक्त घेतलं नव्हतं, तोच दाता ठरला.